चित्रपट्टीतून वाचन-लेखन : लालबागच्या वाचनवर्गाच्या नोंदी, जुलै ते ऑक्टोबर २०२५

लालबागमधल्या एका चाळीच्या तळमजल्यावर मंडळाची खोली आहे. तेथे मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळात मी वाचनवर्ग घेते. तिसरी ते सहावीतली चोवीस मुले येतात. माध्यम सगळ्यांचे मराठी, पण घरात कोठे मालवणी, कोठे घाटावरची मराठी, दोन घरांत तेलुगू आणि एका घरात भोजपुरी बोलली जाते. गेल्या वर्षी गोष्टींची पुस्तके घेऊन वर्ग चालवला आणि दिवाळीनंतर निम्मी मुले येईनाशी झाली, म्हणून या वर्षी चित्रपट्ट्या, म्हणजे चौकटींतली चित्रे आणि संवाद यांतून सांगितलेल्या छोट्या गोष्टी, वापरून पाहायचे ठरवले. मी चित्रकार नाही. नोकरी करून उरलेल्या वेळात हे करते. दुसऱ्या कोणी असेच काम हाती घेतले तर माझे वाया गेलेले तास त्यांचेही वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठी या नोंदी ठेवल्या आहेत. मुलांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

५ जुलै, शनिवार

पहिला दिवस चाचणीत गेला. मुलांचे वाचन तपासणाऱ्या, ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत वापरतात तीच उतरंड घेतली : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. चोवीसपैकी तीन मुले अक्षरावर अडली, सहा शब्दापर्यंत आली, आठ जणांनी परिच्छेद वाचला आणि सात जणांना गोष्ट नीट वाचता आली. पाचवीतला एक मुलगा अक्षरावर अडलेला निघाला, आणि तो इतक्या सफाईने शेजाऱ्याच्या मागोमाग म्हणतो की गेल्या वर्षभरात माझ्या ते लक्षातही आले नव्हते.

शेवटच्या अर्ध्या तासात मी घरून आणलेला गठ्ठा काढला. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सचे काही मराठी अंक माझ्या थोरल्या भावाने बाइंडिंग करून ठेवलेले आहेत. आम्ही त्यांतला वेताळ (‘फँटम’) वाचतच वाचायला शिकलो, असे मी इतकी वर्षे सांगत आले. मुलांनी ते अंक चार मिनिटांत चाळून परत दिले. अक्षर बारीक, संवादांचे फुगे मजकुराने गच्च आणि जोडाक्षरांची रेलचेल, त्यामुळे शब्दाशी झगडणाऱ्या मुलाने त्यात शिरायचे कोठून हा प्रश्नच होता. तिघाचौघांनी मात्र नुसती चित्रे पाहून मला पूर्ण गोष्ट ठणठणीत आवाजात ‘वाचून’ दाखवली, आणि ती अंकातल्या गोष्टीपेक्षा अगदी वेगळी होती. मला तेव्हा त्याचे कौतुक वाटले. त्यातला धोका कळायला अडीच आठवडे लागले. ते २२ जुलैच्या नोंदीत येईल.

८ जुलै, मंगळवार

तयार अंक नकोत, पट्ट्या आपणच काढायच्या असे ठरले. शरद शर्मा यांच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ने गावोगावच्या कार्यशाळांतून रुजवलेला साचा उचलला : ए-४ आकाराचे दोन कागद जोडायचे, एकूण चार चौकटी, वर मथळा, आणि काळ्या शाईत असल्यामुळे सरळ झेरॉक्स. चित्रकला न येणाऱ्यांसाठीच तो बेतलेला आहे, त्यामुळे मला चालला. तरीही पहिली पट्टी काढायला साडेतीन तास लागले. त्यातला तासभर मी पेन्सिलने छाया भरण्यात घालवला, आणि चिंचपोकळी स्टेशनजवळच्या दुकानात झेरॉक्स काढल्यावर सगळी छाया काळ्या डागासारखी उमटली. दुसऱ्या खेपेला नुसत्या रेघा ठेवल्या. माणसांना गोल डोके, दोन ठिपके आणि एक रेघ एवढेच दिले. मुलांना त्याचे काही वाटत नाही. एकाने तर “ताई, हे मला पण येईल” असे म्हटले आणि माझे काम सोपे केले.

खर्च : झेरॉक्स दोन रुपये पानाला, म्हणजे एका पट्टीच्या चोवीस प्रती दोन पानांच्या हिशेबाने ९६ रुपयांना पडल्या. खराब निघालेल्या प्रतींचे पैसे वेगळे.

१२ जुलै, शनिवार

दोनावर दोन अशा चार चौकटी मोठ्यांना सरळ वाटतात. सहा मुलांनी त्या वरून खाली वाचल्या, म्हणजे पहिलीनंतर तिसरी, आणि गोष्ट लागत नाही तरी कोणी तक्रार केली नाही, कारण पुस्तकातले न समजणे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. एका चौकटीत मी दोन फुगे काढले होते. आधी बोलणाऱ्याचा फुगा जागा नव्हती म्हणून खाली गेला होता आणि उत्तराचा वर, त्यामुळे सगळ्यांनीच उत्तर आधी वाचले. ही चूक पूर्णपणे माझी. आधी बोलणारा डावीकडे आणि त्याचा फुगा वर, हे चित्र काढायला बसण्यापूर्वीच ठरवून घ्यावे लागते. नंतर ते दुरुस्त करायचे म्हणजे सगळी चौकट पुन्हा काढायची.

चौकटींना आकडे घातले तर मुले आकडा शोधतात आणि पट्टीकडे पाहत नाहीत, असे त्याच संध्याकाळी दिसले. म्हणून आकडे काढून टाकले, कागद लांबीत कापून चारही चौकटी एका ओळीत आणल्या आणि चिकटवून खरीखुरी पट्टी केली. तीन आठवडे अशीच वापरली आणि मग हळूच दोनावर दोनवर परत आले. तेव्हा कोणी अडखळले नाही.

१५ जुलै, मंगळवार

आजची नोंद अक्षरांबद्दल. ही बाब मी किरकोळ समजत होते आणि तिनेच सर्वांत जास्त वेळ खाल्ला.

मी आधी फुगा काढत होते आणि मग त्यात मजकूर बसवत होते. मराठीत शब्दाच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, पायाशी उकार, आणि शिवाय प्रत्यय शब्दाला चिकटून, त्यामुळे शब्द लांबतच जातो. फुग्याच्या कडेला ‘पोहोचल्यावर’ मावेना म्हणून मी ‘पोहोचल्या’ पहिल्या ओळीत आणि ‘वर’ दुसऱ्या ओळीत लिहिले. तिसरीतल्या मुलीने वाचले, “मी घरी पोहोचल्या.” मग थांबून चौकटीत वर पाहिले. तिने ‘वर’चा अर्थ दिशा असा घेतला होता आणि चित्रात वर काय आहे ते ती प्रामाणिकपणे शोधत होती. वर पंखा होता. तिने पंख्याबद्दल दोन वाक्ये सांगितली.

तेव्हापासूनचा क्रम असा : आधी पेन्सिलने ओळी आखायच्या, दोन ओळींत अक्षराच्या उंचीइतकी मोकळी जागा सोडायची, शब्द न तोडता मजकूर लिहायचा, आणि सर्वांत शेवटी त्याभोवती फुगा ओढायचा. शब्द मावत नसेल तर वाक्य बदलायचे. ‘पोहोचल्यावर’च्या जागी ‘घरी आले आणि’ असे केले, तर वाक्यही सोपे होते.

एक पट्टी संगणकावर अक्षरे टाइप करून केली होती. तीत ‘ल’ हिंदी वळणाचा, उभ्या दंडाचा आला. पाठ्यपुस्तकातला पाकळीचा ‘ल’ ओळखणारी मुले त्याच्यापाशी अडली आणि एकाने तो सरळ ‘त’ म्हणून वाचला. काही फाँटमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात, पण ते कळेपर्यंत प्रती निघाल्या होत्या. ४८ रुपये बुडाले. पुढच्या सगळ्या पट्ट्या हातानेच लिहिल्या.

२२ जुलै, मंगळवार

या प्रयोगातला सर्वांत मोठा दोष आज सापडला.

छत्रीची पट्टी मुलांना फार आवडली होती. पहिल्या चौकटीत मुलगी छत्री उघडून पावसात निघते, दुसरीत वाऱ्याने छत्री उलटते, तिसरीत ती ओलीचिंब होऊन दारात उभी आहे आणि धाकटा भाऊ समोर आहे, चौथीत आई टॉवेल घेऊन येते. फुगे असे होते : “किती जोराचा पाऊस!”, “अरे, माझी छत्री उलटली!”, “बघ ना, पूर्ण भिजले.”, “ये, डोके पूस.” सगळे भराभर ‘वाचत’ होते. मला शंका आली, म्हणून पाच प्रतींवर फुगे पांढऱ्या कागदाने झाकले आणि पाच जणांना बाहेरच्या पायरीवर एकेकटे बोलावून गोष्ट विचारली. पाचही जणांनी ती जवळजवळ माझ्याच शब्दांत सांगितली. म्हणजे गेले पंधरा दिवस मुले चित्रे वाचत होती. शब्द वाचायची गरज मीच ठेवली नव्हती.

घरी जाऊन कपाटातली कात्रणे काढली. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांच्या चित्राला शब्द लागतच नाहीत, ते चित्रातच पुरे होते. उलट १९९१पासून ‘सकाळ’मध्ये आलेल्या, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’च्या बहुतेक पट्ट्यांतले फुगे झाकले, तर दोनतीन चौकटींत उभा असलेला एक मुलगा तेवढा उरतो आणि गंमत निघून जाते. मी काढत होते ती चित्रे पहिल्या जातीची आणि त्यांवर उगाच फुगे. मजकुराशी झगडणाऱ्या मुलासाठी याइतकी सोयीची पळवाट दुसरी नाही.

चित्रांना हात न लावता रात्री फक्त शब्द बदलले. पहिली चौकट : “काका, दहा मिनिटांत परत आणून देते.” दुसरी : “नेमकी त्यांचीच छत्री!” तिसरी, भावाला : “आईला सांगू नकोस, सकाळी बघते काय ते.” चौथी, आई : “वाण्याची छत्री आपल्या दाराआड कशी गं?”

२६ जुलै, शनिवार

बदललेली छत्री वाटली. सुरुवातीला सगळे जुन्याच गोष्टीच्या समजुतीत होते. मग चौथ्या चौकटीपाशी एकाने मान वर करून विचारले, “वाणी कुठून आला?” आणि चोवीसच्या चोवीस जण पहिल्या चौकटीवर परत गेले. ‘काका’ म्हणजे कोण हे पहिल्या वाचनात कोणीही धरले नव्हते. शब्दाच्या पातळीवरच्या एका मुलीने ‘नेमकी’ हा शब्द बोटाने तीनदा वाचला आणि त्याचा अर्थ शेजारणीला विचारला. आपणहून अर्थ विचारण्याची या वर्गातली ही पहिली वेळ. पुढच्या प्रत्येक पट्टीसाठी झाकण्याची कसोटी पक्की केली : फुगे झाकून गोष्ट कळली, तर पट्टी नापास.

आज २६ जुलै, महापुराला वीस वर्षे झाली, म्हणून मागच्या वेळीच घरी विचारून यायला सांगितले होते. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच २४ तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर. चौकटीच्या वरच्या निवेदनाच्या पट्टीत मी ९४४ लिहिल्यावर “म्हणजे किती?” असे विचारणे आले. मोजपट्टी भिंतीला लावून जमिनीपासून ९४ सेंटिमीटरवर खडूने रेघ मारली आणि वाहून न जाता सगळे साठले असते तर येथवर आले असते, असे सांगितले. तिसरीतली मुले रांगेने भिंतीला पाठ लावून उभी राहिली. रेघ त्यांच्या छातीला लागत होती. मग कुलाब्याचीही रेघ मारली. ती त्यांच्या घोट्याच्या आसपास आली, आणि आमच्याकडे एवढा नव्हता असे सांगणारी एकाची आजी आणि कुर्ल्याहून रुळांवरून चालत आलेले दुसऱ्याचे वडील, दोघेही खरे कसे, हे वेगळे समजवावे लागले नाही.

मुलांनी घरून आणलेल्या गोष्टींच्या पट्ट्या केल्या. लेखन फारसे झाले नाही, कारण मी वेळ मोजमापात घालवला. त्याबद्दल खंत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

लेखनाकडे वळले आणि पहिल्याच पावलाला आपटले. तयार चित्रे, रिकामे फुगे, मुलांनी संवाद भरायचे. सर्वत्र सुचवला जाणारा हा उपाय आहे. बावीस मुलांपैकी सतरा जणांच्या पट्ट्यांत “अरे बापरे!”, “चल”, “हो”, “थांब” यांच्यापलीकडे काही नव्हते. हे शब्द वापरायचे नाहीत असा नियम फळ्यावर लिहिला, तर पुढच्या पट्टीत सगळीकडे “आईशप्पथ!” आले. मुलांचे काही चुकले नव्हते. फुगा लहान, चित्र स्वतःच सगळे सांगणारे, आणि त्या माणसांना एकमेकांशी बोलायचे काही कारणच नाही.

शनिवारी, ९ तारखेला, नारळी पौर्णिमा असल्यामुळे सातच मुले आली. त्यांच्यावर उलटा प्रयोग केला. पहिले तीन फुगे रिकामे ठेवले आणि शेवटचा भरून दिला : “म्हणून मी आजीला काहीच सांगितले नाही.” आता त्या वाक्यापर्यंत पोहोचायचे होते. सातांतल्या सहा जणांनी फुग्याच्या बाहेर, समासात, मागच्या पानावर लिहिले. एका मुलाला फुगा पुरेना म्हणून त्याने त्याला दुसरा फुगा नळीने जोडला. मी त्याला हे कधी शिकवले नव्हते. त्यानंतर फुगे आधी काढून देणे बंद केले.

१२ ऑगस्ट, मंगळवार

चौथीतल्या मुलीने फुग्यात लिहिले होते, “मी काल नाय आलती.” मी लाल पेनाने ‘नाही’ आणि ‘आले होते’ केले. त्यानंतर तिने उरलेल्या तिन्ही फुग्यांत एकेक शब्द लिहून कागद माझ्याकडे दिला. दोष लाल पेनाचा नाही, माझा. फुग्यात माणूस बोलतो, आणि तिच्या ओळखीची माणसे तशीच बोलतात.

बराच विचार करून असे ठरवले : फुग्यात बोलतात तसे, आणि चौकटीच्या वरच्या निवेदनाच्या पट्टीत पुस्तकात असते तसे. दोन्ही लिहिणे सक्तीचे. त्यामुळे एकाच मुलाला “नाय आलती” आणि “ती काल आली नव्हती” ही दोन्ही वाक्ये एकाच चौकटीत लिहावी लागतात आणि त्यांतला फरक त्याच्या स्वतःच्या हाताखालून जातो. फुग्यातली बोली मी तपासत नाही. ऱ्हस्व-दीर्घ मात्र दोन्हीकडे पाहते, पण शब्दावर काही न करता ओळीच्या टोकाला पेन्सिलचा एक ठिपका देते. या ओळीत एक चूक आहे, शोध. शोधायला मुलांना आवडते, विशेषतः दुसऱ्याच्या कागदावरची.

यावर एका आईने हरकत घेतली. “ताई, शाळेत असे लिहिले तर मार्क कापतात. तुम्ही चुकीचे लिहायला शिकवताय.” तिचे म्हणणे सोडून देण्यासारखे नव्हते, कारण परीक्षेत फुगे नसतात. मुलीची वही उघडून निवेदनाच्या पट्ट्या तेवढ्या तिला सलग वाचून दाखवल्या. ती पूर्ण पटून गेली असे नाही, पण मुलगी येत राहिली.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पावसामुळे शाळांना सुट्टी, वर्ग झाला नाही. दुसऱ्या दिवशी खोली उघडली तर खिडकीखालचा खोका भिजला होता. मुलांनी स्केचपेनने काढलेल्या अकरा मूळ पट्ट्या धुऊन निघाल्या. निळ्या-जांभळ्या ओघळाखाली फक्त पेन्सिलच्या रेघा उरल्या. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेल्या प्रतीही गेल्या. झेरॉक्सच्या प्रती मात्र वाळवल्यावर जशाच्या तशा, कारण तेथे शाई नसते, पूड उष्णतेने कागदावर पक्की केलेली असते. तेव्हा मूळ पट्टीची झेरॉक्स त्याच दिवशी काढायची आणि मूळ प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवायची. १८० रुपयांचे फोल्डर आधीच घ्यायला हवे होते. अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून पाण्याने न पसरणारे काळे मार्कर आणि कार्डशीट आणली, ६४० रुपये.

ज्यांच्या पट्ट्या गेल्या त्यांनी पुन्हा काढायला नकार दिला. मी आग्रह केला नाही.

२३ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

खोली गणपतीच्या सामानाने भरली. लालबागमध्ये या दिवसांत वर्गासाठी जागा मागणेच चूक. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत चारदा बसलो, अकरापेक्षा जास्त मुले कधी आली नाहीत आणि ढोलांमुळे मोठ्याने वाचन अशक्य झाले. दोन आठवडे बुडाले असे धरावे. ज्यांना असा वर्ग मुंबईत घ्यायचा आहे त्यांनी वेळापत्रकात हे आधीच वजा करावे.

९ सप्टेंबर, मंगळवार

आता सलग लेखन. संवाद आणि एकेका ओळीचे निवेदन यावरून परिच्छेदावर जायचे कसे, हे मला जुलैपासून सुचत नव्हते. दोन चौकटींच्या मध्ये जी कोरी फट असते तिचा उपयोग करायचे ठरवले. छत्री उलटली ती दुसरी चौकट आणि दारात उभी ती तिसरी. मधल्या वेळात काय झाले ते लिहा, असे सांगितले.

पहिला प्रयत्न फसला. “छत्री उलटली. मग ती घरी आली.” वीसपैकी चौदा जणांनी एवढेच लिहिले, म्हणजे दोन्ही चौकटींचे वर्णन केले आणि फट तशीच कोरी राहिली. ती जागा अर्धा सेंटिमीटर रुंद होती, आणि मुलांना तेथे काही घडलेले असेल असे वाटत नव्हते.

१३ सप्टेंबर, शनिवार

कात्रीने पट्टी कापली. दुसरी आणि तिसरी चौकट वहीच्या पानाच्या डाव्या आणि उजव्या कडेला चिकटवल्या, मध्ये अख्खे कोरे पान. सूचना एकच : हे पान मोकळे दिसता कामा नये, आणि दोन्ही चित्रांत दिसते ते लिहायचे नाही. अर्धा तास खोलीत कोणी बोलले नाही. जुलैत शब्दाच्या पातळीवर असलेल्या मुलीचा मजकूर तिच्या शुद्धलेखनात फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारून येथे देते :

“तिने छत्री सरळ केली पण एक काडी वाकडीच राहिली. मग ती मागच्या जिन्याने गेली कारण पुढच्या जिन्यात वाण्याची बायको भाजी निवडत बसते. मागच्या जिन्यात लाइट नाही. ती प्रत्येक पायरी मोजत गेली. सतरा पायऱ्या झाल्यावर तिला आठवले की पैसे पण छत्रीच्या पिशवीत होते.”

पैशांचा उल्लेख माझ्या पट्टीत कोठेही नाही. सतरा पायऱ्या मात्र आमच्या चाळीच्या मागच्या जिन्याच्या आहेत. मी नंतर मोजल्या.

सगळ्यांचे असे झाले नाही. पाच जणांनी मोठ्या अक्षरात लिहून पान भरले आणि दोघांनी पानाच्या मधोमध पावसाचे चित्र काढले. पण पंधरा पानांवर सहा किंवा अधिक वाक्ये होती, आणि ‘मग’ या एका शब्दावर चालणारे लेखन ‘कारण’, ‘तोपर्यंत’, ‘पण’ यांच्याकडे सरकताना दिसले. फटीचे हे काम पुढे चार वेळा केले. प्रत्येक वेळी पट्टी वेगळी हवी आणि मधल्या काळात लपवण्यासारखे काही घडलेले हवे. निव्वळ प्रवास असेल तर पुन्हा “मग ती घरी आली” येते. बागेतल्या सहलीची पट्टी याच कारणाने साफ पडली.

२७ सप्टेंबर, शनिवार

मुलांच्या आठ पट्ट्या ए-३ आकारात करून जिन्याच्या भिंतीला लावल्या, दहा रुपये प्रत. एका पट्टीत पाणी सोडणाऱ्या माणसाची नक्कल होती. ती कोणाची हे चाळीत लगेच ओळखले गेले आणि रविवारी सकाळी मला उतरवावी लागली. लावण्यापूर्वी सगळे फुगे स्वतः वाचायला हवे होते. सातच पट्ट्यांचे वाचले होते.

११ ऑक्टोबर, शनिवार

जुलैतलीच उतरंड, वेगळे उतारे. चोवीसपैकी दोन मुले मध्येच गेली : एक कुटुंब बदलापूरला राहायला गेले, आणि एकाची शिकवणी याच वेळेत आली. उरलेल्या बावीसपैकी शब्दाच्या पातळीवरची चार मुले परिच्छेदावर आली आणि परिच्छेदावरची तीन गोष्टीवर. अक्षरावरच्या तिघांपैकी एक शब्दावर आला. बाकीची जेथे होती तेथेच आहेत. या काळात मुले शाळेतही जात होतीच, त्यामुळे ही सगळी वाढ पट्ट्यांच्या खाती लिहिता येणार नाही. आधीच गोष्ट वाचू शकणाऱ्या सात जणांच्या वाचनात मला फरक दिसला नाही; त्यांच्या लेखनात तो स्पष्ट आहे, पण मोजायचे साधन मी जुलैत ठरवले नव्हते. सुरुवातीलाच प्रत्येकाकडून एका चित्रावर दहा ओळी लिहून घेऊन त्या कागदांची फाइल करायला हवी होती.

एकूण खर्च : झेरॉक्स १,०९० रुपये, मार्कर आणि कार्डशीट ६४०, फोल्डर १८०, मिळून १,९१०. वेळेचा हिशेब याहून वाईट आहे. चौदा पट्ट्या झाल्या. पहिल्या चार पट्ट्यांना प्रत्येकी तीन तासांच्या वर लागले आणि शेवटच्या चारांना तासाभराच्या आत. चित्र सुधारल्यामुळे हे झाले नाही. आधी फक्त फुग्यातली वाक्ये वहीत लिहून काढायची, ती एकाला मोठ्याने वाचून दाखवायची, आणि मग कमीत कमी चित्र काढायचे, हा क्रम हाताला बसला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळीपूर्वीचा शेवटचा वर्ग. अक्षरावरच राहिलेल्या दोघांबद्दल लिहायचे राहिले आहे. पाचवीतला तो मुलगा त्यांतला एक. पट्ट्यांनी त्यांना काही दिले नाही. उलट लपायला आणखी एक जागा दिली, कारण दोन वाचनांत सगळे फुगे त्यांना पाठ होतात आणि बोट बरोबर शब्दाखाली फिरवत ते म्हणून दाखवतात. झाकण्याची कसोटी त्यांना लागूच पडत नाही. फुगे कापून उलटसुलट क्रमाने समोर ठेवले तेव्हा दोघेही गप्प झाले, आणि हे मी सप्टेंबरच्या अखेरीस केले, जुलैत नाही.

दिवाळीनंतर त्या दोघांना अर्धा तास आधी बोलवायचे आहे आणि तेवढा वेळ पट्टी समोर आणायची नाही. पाचवीतल्या मुलाला सुट्टा केलेला, न चुकता वाचता येणारा शब्द ‘काका’ एवढाच आहे, छत्रीच्या पहिल्या चौकटीतला. म्हणून पहिल्या संचात क आणि काना, त्यांच्या जोडीला म, न, प, ल : काम, कान, नाक, पान, लाल. पाकळीचा ‘ल’. कार्डशीटचे दोन तुकडे उरले आहेत, त्यांत वीस पत्ते बसतात.